न्यायाधीश का व्हायचे आहे? तालुका न्यायालयातील एका उमेदवाराला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात गेली आठ वर्षे वकिली करते आणि ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’ या पदासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देत आहे. अर्ज भरल्यापासून घरची माणसे, पक्षकार, बारमधील (म्हणजे वकील संघातील) ज्येष्ठ आणि नुकतीच सनद घेतलेली मुले-मुली मला तेच ते प्रश्न विचारत आली आहेत. प्रत्येकाला न्यायालयाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट बसून लिहावे, असे ठरवले.

उमेदवार म्हणजे तुम्ही निवडणुकीला उभ्या आहात का?

नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत स्थानिक न्यायाधीश मतदानाने निवडले जातात आणि तेथे उमेदवाराला मतदारांसमोर जाऊन आपली कारणे मांडावी लागतात. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३४ प्रमाणे लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार राज्यपाल या नेमणुका करतात, आणि अनुच्छेद २३५ प्रमाणे त्यानंतर नियंत्रण उच्च न्यायालयाचे राहते. म्हणजे मला कोणाकडे मत मागायचे नाही. तरीही ज्या लोकांसमोर उद्या बसायचे आहे, त्यांनी ‘तुम्हाला हे पद कशासाठी हवे?’ असे विचारले तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, असे मी मानते.

हे पद नेमके काय आहे?

सर्वसामान्य माणसाचा न्यायव्यवस्थेशी पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा संबंध येतो तो या न्यायाधीशाशी. एकच व्यक्ती दिवाणी न्यायाधीश म्हणून बांधाचे, रस्त्याचे, वाटणीचे आणि मनाई हुकमाचे दावे चालवते, आणि तीच व्यक्ती न्यायदंडाधिकारी म्हणून मारामारी, चोरी, न वटलेले धनादेश, पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज ऐकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंतचा कारावास, ५०,००० रुपयांपर्यंतचा दंड किंवा समाजसेवेची शिक्षा देता येते. मात्र या अधिकाराचे खरे वजन शिक्षेत नाही. पोलिसांनी अटक केलेल्या प्रत्येक माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत ज्याच्यासमोर उभे करावे लागते, तो हा अधिकारी असतो.

मग खरे कारण काय? चांगली चाललेली वकिली सोडून हे का?

याचे उत्तर एका दुपारचे आहे. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीमार्फत मला एका मुलाचे काम मिळाले. विहिरीवरील पाण्याची मोटार चोरल्याच्या संशयावरून त्याला पकडले होते आणि पोलीस कोठडीसाठी हजर केले होते. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘पोलिसांविषयी काही तक्रार आहे का?’ मुलगा म्हणाला, ‘नाही.’ तोपर्यंत मी असे ‘नाही’ शेकडो वेळा ऐकले होते. ते ऐकले की लघुलेखक टंकतो आणि पुढचा पुकारा होतो.

त्या दिवशी न्यायाधीशांनी पेन खाली ठेवले. मुलगा एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा भार देत होता, हे त्यांनी पाहिले होते आणि त्याच्या शेजारी उभी असूनही मी पाहिले नव्हते. त्यांनी दोन्ही हवालदारांना दाराबाहेर उभे राहण्यास सांगितले, मुलाला बाकावर बसवले आणि ‘सकाळपासून काही खाल्लेस का?’ असे विचारले. त्यानंतर तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. मुलाने काही न बोलता चपला काढल्या आणि तळपाय दाखवले. न्यायाधीशांनी जे दिसले ते स्वतः नोंदवले, वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला आणि पोलीस कोठडी नाकारून न्यायालयीन कोठडी दिली. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागली असतील.

कायदा त्या दिवशी वेगळा नव्हता, प्रश्नही छापील नमुन्यातलाच होता. फरक होता तो विचारणाऱ्याला उत्तर खरोखर हवे होते एवढाच, आणि तेवढ्याने त्या मुलाचे पुढचे दिवस बदलले. त्या दुपारी मला कळले की मला या बाजूला उभे राहून युक्तिवाद करण्यापेक्षा त्या बाजूला बसून तो प्रश्न विचारायचा आहे.

पण दिशा तर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल देतात. तालुक्याचा न्यायाधीश काय बदलणार?

निकाल दिशा देतात हे खरेच आहे. २०१४ च्या अर्नेशकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करू नये आणि न्यायदंडाधिकाऱ्यानेही कारणे न तपासता कोठडी मंजूर करू नये. परंतु तो निकाल जिवंत राहतो तो अकरा वाजता सुरू होणाऱ्या प्रत्येक तालुका न्यायालयात, किंवा तेथेच तो विस्मरणात जातो.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातील एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. न्यायदंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला जामीनदार म्हणून स्वीकारले नाही. त्या माणसाला पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट मोडून काढली आणि रक्कम १,००० रुपयांवर आणली. दिल्लीत मिळालेला जामीन खालच्या न्यायालयाच्या टेबलावर अडला होता. आजही जामीन मंजूर होऊन जामीनदार नसल्याने आत राहिलेली माणसे मी पाहते. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यातून आलेल्या मजुराला इथला सातबारा असलेला जामीनदार कोठून मिळणार? कायद्याने दिलेली मोकळीक वापरून जामीनदाराशिवाय, वैयक्तिक बंधपत्रावर सोडायचे की नाही, हा निर्णय तालुक्यातच होतो.

उच्च न्यायालयात वकिली का करत नाही? आता तर कोल्हापूर जवळ आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. माझ्या बरोबरीचे अनेक जण तिकडे गेले आणि ते योग्यच आहे. मला मात्र साक्षीदार समोर हवा असतो. उच्च न्यायालयात बहुतेक वेळा कागद बोलतो. उलटतपासणीत घाबरलेला म्हातारा खोटे बोलतो आहे की त्याला प्रश्नच समजला नाही, हे फक्त पहिल्या न्यायालयाला दिसते आणि अपिलात ते कितीही शोधले तरी सापडत नाही.

निकाल मराठीत लिहिण्याचा आग्रह तुम्ही का धरता?

जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९९८ ची राज्य शासनाची अधिसूचना तसे सांगते. जबाब मराठीत होतो, युक्तिवाद बहुतेक मराठीतच होतो, पण निकाल मात्र अनेकदा इंग्रजीत येतो.

माझ्याकडे वाटणीच्या दाव्यातील एक वादी आजी होत्या. त्यांच्या भावांनी एक हक्कसोडपत्र दाखल केले होते, आणि आजींचे म्हणणे असे होते की सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे असे सांगून त्यांचा अंगठा घेतला गेला. दावा मंजूर झाला, हिस्सा मिळाला, मी त्यांना तसे सांगितले. आठवड्याभराने त्या निकालाची नक्कल रेशनकार्डाच्या पिशवीत घालून पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, ‘वकीलबाई, हिस्सा मिळाला ते कळलं. पण माझं खरं मानलं का साहेबांनी?’ निकालात ते लिहिलेले होते. तब्बल दीड पान त्यांच्या साक्षीवर होते, ती विश्वासार्ह का वाटते याची कारणे होती, पण ते सारे इंग्रजीत होते आणि बारावी झालेल्या नातवालाही उलगडले नव्हते. मी न्यायालयाच्या पायरीवर बसून त्यांना तो परिच्छेद मराठीत सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

जमीन मिळाल्यापेक्षाही सख्ख्या भावांसमोर आपण खोटे ठरलो नाही, हे त्यांना हवे होते. ते शब्द त्यांच्यासाठीच लिहिलेले असताना त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत. वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे इंग्रजीत असतात, ते उद्धृत करावे लागतात, अपील उच्च न्यायालयापर्यंत गेले की भाषांतर लागते. परिभाषेचा प्रश्न मात्र मला तेवढा मोठा वाटत नाही. भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश टेबलावर असतो, आणि ‘तूर्तातूर्त मनाई’, ‘कैफियत’, ‘दरखास्त’ हे शब्द तर पक्षकारांच्या तोंडी आहेतच. मला जास्त भीती वाटते ती अवघड शासकीय मराठीची, कारण आठ ओळींचे वाक्य मराठीत लिहिले म्हणून ते आजींना समजेल असे नाही. निदान हरणाऱ्या पक्षकाराला आपण का हरलो हे कळावे, एवढ्या साध्या मराठीत कारणे लिहिता आली पाहिजेत, आणि त्याचा सराव मी आतापासून करते आहे.

‘तारीख पे तारीख’ थांबवणार का?

थांबवीन असे म्हणणे खोटे होईल. विधी आयोगाने १९८७ मध्येच दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत अशी शिफारस केली होती, आणि आपण आजही तिच्यापासून फार दूर आहोत. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत ५० लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. एका न्यायाधीशाच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या यादीत, दिवसाला शंभर प्रकरणे असतील, तर प्रत्येकाला वेळ कसा मिळणार?

तरीही आठ वर्षे रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याच्या नोंदी, वाचून माझे एक मत बनले आहे. सगळ्या तारखा सारख्या नसतात. काही अटळ असतात. पक्षकार मयत होतो, त्याचे वारस दप्तरी आणावे लागतात, त्यातल्या एकाचा पत्ता पुण्यातला आणि दुसऱ्याचा सुरतेतला निघतो. हद्दीच्या दाव्यात भूमि अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाटणीचा हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचे सरस-निरस (जमिनीचा कस पाहून करायचे) वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडून व्हायचे असते आणि तेथे आणखी वर्षे जातात.

पण पुष्कळ तारखा केवळ कोणी विचारले नाही म्हणून पडतात. समन्स बजावून आले नाही, तर का आले नाही हे समन्स बजावणाऱ्या बेलिफाच्या अहवालावर लिहिलेले असते, आणि तो अहवाल न वाचताच ‘पुन्हा समन्स काढावे’ असा आदेश होतो. दिवाणी प्रक्रिया संहिता एका पक्षाला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नये असे सांगते, एकतर्फी मनाई दिली तर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे सांगते. कौटुंबिक हिंसाचार कायदा तर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न करण्यास सांगतो. हे सगळे जसेच्या तसे पाळता येत नाही, हे मी वकील म्हणून जाणते. मात्र ज्या दिवशी ते पाळता आले नाही त्या दिवशी कारण काय होते, हे रोजनाम्यात खरे लिहिता येते. ‘वेळेअभावी तहकूब’ असा शिक्का आणि ‘साक्षीदार हजर, परंतु प्रतिवादीच्या वकिलांनी कागदपत्रे आणली नाहीत म्हणून खर्चासह तहकूब’ अशी नोंद, यांत मोठे अंतर आहे. दुसरी नोंद झाली की पुढच्या वेळी कागदपत्रे येतात.

आणि मी स्वतः वकील म्हणून मुदती मागितल्या आहेत. त्यातल्या काही मागायला नको होत्या. बाकाच्या या बाजूचा तो अनुभव त्या बाजूला उपयोगी पडेल असे मला वाटते.

वकिलीचा अनुभव खरेच लागतो का? हुशार मुले पदवी घेतल्याबरोबर का नकोत?

तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये घातली, २००२ मध्ये काढली आणि २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने पुढील भरतींसाठी पुन्हा लागू केली. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना, विशेषतः घरून लग्नाची घाई असलेल्यांना, या अटीचा त्रास होतो हे मी जवळून पाहते, आणि त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. तरी माझे मत अटीच्या बाजूने आहे. पक्षकार पहाटेची एसटी पकडून येतो, दिवसाची मजुरी बुडवतो आणि दुपारी दोन वाजता त्याला पुढची तारीख सांगितली जाते तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, हे पुस्तकात नसते. मात्र ही तीन वर्षे केवळ ज्येष्ठ वकिलाच्या बॅगा उचलण्यात गेली तर अट कागदावरच राहील.

मुलाखतीत आदर्श म्हणून कोणाचे नाव घेणार?

बहुतेक जण रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतात, आणि राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणाऱ्या माणसाचे नाव घेणे स्वाभाविकच आहे. तालुक्याच्या न्यायाधीशासमोर मात्र सहसा पेशवे येत नाहीत. रोजच्या कामासाठी मला महादेव गोविंद रानडे अधिक जवळचे वाटतात.

१८७१ मध्ये ते पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले, पुढे नाशिक-धुळ्याला बदल्या सोसल्या आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयात पोहोचले. मधल्या काळात त्यांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम केले. १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटल्यानंतर आलेला हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू होता, आणि त्याने न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार किती रुपयांचा होता हे तपासण्याचा अधिकार दिला. रानडे या कामासाठी तालुक्या-तालुक्यांत फिरले. कागदावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता तो अंगठा कसा आला हे विचारायचे, ही या भागातील न्यायदानाची दीडशे वर्षांची ओळख आहे. माझ्या आजींच्या दाव्यातील प्रश्नही तोच होता.

पगार आणि बदल्यांचे काय?

दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे, त्यावर भत्ते. तालुक्यातील चांगला वकील याहून अधिक मिळवतो, पण मला ते पुरेसे आहे. बदली साधारण तीन वर्षांनी होते. घरी याविषयी बोलणे झाले आहे. सासूबाईंनी विचारलेला एकच प्रश्न होता की मुलाची शाळा किती वेळा बदलेल, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

उद्या न्यायाधीश झालात तर आमचे काम कराल ना?

हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, म्हणून प्रेमानेच पण स्पष्ट सांगते. नाही. ओळखीच्या माणसाचे प्रकरण माझ्यासमोर आले तर ते दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवावे, असे मला वरिष्ठांना कळवावे लागेल. जेथे नेमणूक असेल तेथील लग्ने, सत्कार, वाढदिवस यांपासूनही मला लांब राहावे लागेल. आठ वर्षे ज्या बारमध्ये रोज चहा घेतला, त्यातील मित्रांशी बोलणेही कमी होईल. हा एकटेपणा मला सोपा जाणार नाही.

कशाची भीती वाटते?

चुकीच्या निशाणी ५ ची. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा जो अर्ज येतो त्याला आमच्याकडे निशाणी ५ म्हणतात. त्यावरचा आदेश अपिलात बदलता येतो, पण तोपर्यंत मृग कोरडा जातो किंवा पेरणी होऊन जाते. जूनमध्ये चुकीच्या माणसाला शेतात जाण्यापासून रोखले, तर सप्टेंबरात दुरुस्त झालेला आदेश त्याला त्या वर्षीचे सोयाबीन परत देत नाही. घाईने मनाई देणे आणि घाबरून न देणे, या दोन्ही चुका मी वकील म्हणून सोसल्या आहेत, आणि दोन्ही माझ्याकडूनही होऊ शकतात. त्यासाठी एकच उपाय मला दिसतो. नकाशा आणि सातबारा स्वतः वाचायचा, आणि गरज पडली तर बांधावर जाऊन स्थळपाहणी करायची. संहिता न्यायाधीशाला तो अधिकार देते, फक्त तो फार क्वचित वापरला जातो.

अभ्यास कसा करता?

पूर्व परीक्षा १०० गुणांची, मुख्य परीक्षेच्या दोन प्रश्नपत्रिका मिळून २०० गुण आणि मुलाखत ५० गुणांची. पहाटे साडेचार ते सात हा माझा वेळ आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, पण जुन्या प्रकरणांना जुनेच कायदे लागतात, म्हणून दोन्ही पाठ ठेवावे लागतात. दिवसभर न्यायालयात तेच चालू असल्याने वकिलांना हा भाग उलट सोपा जातो.

निवड झाली नाही तर?

खुल्या प्रवर्गातील वकिलांसाठी वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे आणि माझे वय ३२ आहे. संधी उरल्या आहेत तोवर परीक्षा देईन. नंतर वकिली आहेच, आणि विधी सेवा समितीची कामे मी कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही.

निवड झाली तर पहिल्या दिवशी काय कराल?

निवडीनंतर उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण असते, त्यामुळे पहिला दिवस उशिरा येईल. तो आला की अधीक्षकांना त्या न्यायालयातील सर्वांत जुन्या दाव्याची फाईल आणायला सांगेन. रोजनामा पहिल्या पानापासून वाचेन. दोन्ही बाजूंच्या पक्षकारांना, केवळ वकिलांना नव्हे, पुढच्या तारखेला बोलावून घेईन आणि आजवर काय झाले, आता काय उरले आहे आणि त्याला अंदाजे किती वेळ लागेल, हे त्यांना मराठीत सांगेन.